डोंगराकडची मासळी

माझ्या सासऱ्यांना गावात अजून ‘नाईक’ म्हणून हाक मारतात. नाईक म्हणजे कोळ्यांचा म्होरक्या. त्यांच्या घराण्याचं कामच ते. समुद्रातून जे येईल ते आधी रातूंच्या, म्हणजे आमच्या गावप्रमुखांच्या अंगणात पोचवायचं, पाहुण्यांच्या पंगतीत मासळी कमी पडू द्यायची नाही, आणि जाळं केव्हा कुठे टाकायचं, कुठे नाही, ते गावाला सांगायचं. त्यांचं नाव एपारामा. हल्ली कुणी ‘नाईक’ म्हटलं की ते दुसरीकडे बघतात. हाक मारणाऱ्याच्या मनात काही नसतं, जुनी सवय असते इतकंच. पण मामंजींना ती हाक लागते.

मी मूळची बेटाच्या डोंगराकडची, नदीच्या वरच्या अंगाला नाकोरोदुआ आहे तिथली. लग्न होऊन खाली समुद्रावर नावुनिसेआला आले तेव्हा मला धड पोहतासुद्धा येत नव्हतं. सासूबाईंनी, तारैवीनींनी, मला गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि चिखलातले शिंपले पायाच्या अंगठ्याने कसे चाचपायचे ते शिकवलं. मामंजी काठावर बसून जाळं विणत होते. म्हणाले, “हिला भरती-ओहोटी कळेपर्यंत आपण उपाशी मरू.” आणि स्वतःच मोठ्याने हसले. माझा नवरा लंबासा शहरात साखर कारखान्यात. घरी येणार सणासुदीला. त्यामुळे मामंजींना मी त्याच्यापेक्षा जास्त पाहिलंय.

आमच्या गावासमोर प्रवाळाची लांब रांग आहे आणि त्या रांगेत एक खिंड आहे. आतलं शांत पाणी आणि बाहेरचा खोल समुद्र तिथे भेटतात. थंडीच्या महिन्यांत पौर्णिमेच्या आसपास हेकरू त्या खिंडीत जमतात, अंडी घालायला. एरवी कुठे कुठे कपारीत एकटे बसणारे हे मोठे मासे तेव्हा इतके दाटीने येतात, की जाळं टाकायचं आणि ओढायचं, बस्स. म्हणूनच तेव्हा तिथे जायचं नाही असा नियम झाला होता. मी यायच्या आधीच झाला होता. जवळच्या पाण्यातली मासळी वर्षावर्षाने लहान होत चालली होती, तळव्याएवढे मासे पोरं घरी आणायला लागली होती. तेव्हा मामंजींनीच सगळ्या गावाला बसवून सांगितलं, की निदान आईला तरी बाळंत होऊ द्या. काठावर खांब रोवला, त्याला नारळाच्या झावळ्या बांधल्या. झावळ्या आहेत तोवर खिंड बंद.

सगळे मानत होते. नाईकांनी रोवलेला खांब होता तो.

नव्या प्रार्थनाघराच्या उद्घाटनाला माझ्या माहेरची माणसं खाली आली. आमच्या दोन गावांचं नातं फार जुनं, चेष्टेचं. ते आम्हाला वाटेल ते बोलणार, आम्ही त्यांना. राग धरायचा नाही. पंगतीचीही एक रीत आहे. डोंगराकडची माणसं डुक्कर आणि अळूचे कंद घेऊन येतात, समुद्राकडची मासळी वाढतात. एका चटईवर बसलं की आम्ही मासळीला हात लावायचा नाही, ती त्यांची. आम्ही त्यांचं डुक्कर खायचं. आपल्या घरचं उत्तम ते दुसऱ्याच्या ताटात, असा त्याचा अर्थ.

त्या वेळी चार दिवस वारं सुटलं होतं. होड्या बाहेर जाऊन रिकाम्या आल्या. आतल्या पाण्यात जे मिळालं ते मांजराला पुरलं असतं. शेवटी दुकानातून डब्यातला बांगडा आणला. नारळाच्या दुधात, कांदा-मिरची घालून शिजवला, मोठ्या पातेल्यात, वर लिंबू पिळलं. पण डब्यातला तो डब्यातलाच.

माझा मोठा भाऊ वातिसोनी म्होरक्या बनून बसला होता. त्याने एक तुकडा उचलला, उलटासुलटा करून पाहिला.

“नाईक,” तो म्हणाला, “तुमच्याकडचे मासे डोकं घरी ठेवून येतात वाटतं.”

चटईवर हशा पिकला.

“डोकं नाही, शेपटी नाही,” दुसरा म्हणाला. “पोहतात कसे?”

“पोहत नाहीत. लॉरीने येतात.”

मामंजीही हसले. हसावंच लागतं. म्हणाले, “खा मुकाट्याने. डोंगरात तुम्हाला बेडूक मिळतात, इथे निदान बांगडा आहे.” पंगत रंगली, यांगोनाचं, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाचं, भांडं फिरलं, गाणी झाली. पाहुणे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चहा दिला तो त्यांनी तसाच ठेवला. म्हणाले, “त्यांनी थट्टा करावी ही रीतच आहे. पण काल ते थट्टा करत नव्हते. खरं बोलत होते.”

“वारं होतं,” सासूबाई म्हणाल्या.

“माझ्या बापाच्या वेळी वारं नव्हतं का?”

सासूबाईंनी थंड झालेला चहा उचलून नेला.

पुढच्या वर्षी जुने रातू वारले आणि त्यांच्या पुतण्याला गादीवर बसवायचं ठरलं. समारंभ थंडीतच आला. डोंगराकडून सगळं गाव येणार, शेजारच्या गावांचे प्रमुख येणार. मामंजी आठवडाभर होडी घेऊन बाहेर जात होते. आणत होते, नाही असं नाही, पण त्या पंगतीला पुरेल असं नाही. रोज परत आले की किनाऱ्यावर उभे राहून खिंडीकडे बघत. आम्हाला वाटलं, हवा बघताहेत.

समारंभाच्या आदल्या रविवारी ते म्हणाले, गुडघा धरलाय, प्रार्थनेला येत नाही. आम्ही सगळे गेलो. आमच्याकडे रविवारी समुद्रात कुणी जात नाही. लहान मूलही पाण्यात खेळत नाही. गाव प्रार्थनाघरात होतं, आम्ही उभं राहून गात होतो. वारा समुद्राकडे होता. आमचं गाणं त्यांना खिंडीत ऐकू गेलं असणार. हे मला नंतर सुचलं, आणि सुचल्यापासून डोक्यातून जात नाही.

सोमवारी सकाळी होडीत, ओल्या पोत्यांखाली, हेकरू होते. मोठे, ठिपक्यांचे, एकेक उचलायला दोन हात लागावेत असे. गाव जमा झालं.

“बाहेरच्या खोल पाण्यात मिळाले,” मामंजी म्हणाले. “पहाटे.”

“देव पावला,” कुणीतरी म्हणालं.

आम्ही बायका मासे साफ करायला बसलो. पहिला चिरला, त्यात गाभोळी, अंड्यांचे गोळे. दुसरा चिरला, त्यातही गाभोळी, पोट फुगून आलेलं, पिवळीधमक. तिसरा तसाच. खोल पाण्यात विखुरलेले मासे असे एकजात भरलेले नसतात, हे मला डोंगराकडचीलाही एव्हाना कळत होतं. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसल्या. मग सुरी पुन्हा उचलली आणि मला म्हणाल्या, “नळाला पाणी आलं का बघ.” बाकीच्या बायकांनी मान वर केली नाही. गाभोळीच्या टोपल्या भरत गेल्या आणि आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोलत राहिलो, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाची चटई.

पंगत अशी झाली, की अजून लोक आठवण काढतात. वातिसोनीने एक अख्खं डोकं संपवलं, बोटं चाटली आणि म्हणाला, “नाईक, आज आमची बोलती बंद.” नव्या रातूंनी मामंजींना जवळ बोलावून आपल्या हाताने यांगोनाची वाटी दिली. मामंजींनी ती घेतली, प्याले. रीतीप्रमाणे त्यांनी मासळीला हात लावला नाही. त्या दिवशी त्यांनी डुकरालाही हात लावला नाही.

गावाला कळलं होतं. कुणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि पंगतीची शान सगळ्यांनीच मिरवली होती. पण पुढच्या पौर्णिमेला खिंडीत दोन होड्या दिसल्या. मामंजी तडक आपली होडी काढून निघाले. मी शिंपल्यांसाठी बाहेरच्या उथळ पट्ट्यावर गेले होते, त्यामुळे बोलणं माझ्या कानांवर पडलं.

“जाळं वर घ्या,” मामंजी म्हणाले. “झावळ्या दिसत नाहीत का?”

होडीत नेमानी होता, त्यांच्या चुलतभावाचा मुलगा. शांत, कधी उलट न बोलणारा. तो म्हणाला, “काका, तुम्ही रविवारी गेलात. आम्ही निदान सोमवारी आलोय.”

मामंजींनी वल्हं पाण्यात तसंच धरलं. मग होडी वळवली. माझ्याजवळून गेले, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि मीही पाण्यात हात घालून शिंपले शोधत असल्याचं दाखवलं.

त्यानंतर खिंडीत सगळेच जायला लागले. खांब पडला, कुणी उभा केला नाही. एक थंडी बरी गेली. पुढच्या थंडीला मासे इतके कमी आले की लोक आपापसात कुजबुजायला लागले. त्याच्या पुढच्या थंडीला खिंडीत नुसतं पाणी होतं.

मामंजी बदलत गेले. बैठकीत मागच्या रांगेत बसायला लागले. कुणी सल्ला विचारला तर म्हणत, “तुम्हीच बघा.” घरी चुकूनही त्या दिवसाचं नाव काढत नसत. एकदा सासूबाईच म्हणाल्या, “रातूंकडे जा. सांगून टाका.” ते म्हणाले, “काय सांगू? सगळ्यांना ठाऊक आहे.” सासूबाई म्हणाल्या, “ठाऊक असणं वेगळं.” ते उठून बाहेर गेले.

मग ते चक्रीवादळ आलं. त्याबद्दल मी फार सांगणार नाही. घरांची छपरं गेली, होड्या झाडांत जाऊन अडकल्या, जाळ्यांच्या गुंडाळ्या झाल्या. खारं पाणी शेतात शिरलं आणि कसावा जमिनीतच कुजला. समुद्र कितीतरी दिवस चिखलासारखा होता. शाळेची इमारत तेवढी उभी राहिली, सगळं गाव तिच्यात. सरकारी जहाज आलं, तांदूळ-पीठ देऊन गेलं. दुसरं येणार होतं ते आलं नाही. पूर्वी अशा वेळी म्हातारी माणसं म्हणत, जमिनीने दगा दिला तर समुद्र आहे. या वेळी कुणी तसं म्हणालं नाही. ओहोटीला आम्ही बायका जाऊन हाताला लागेल ते, गोगलगायी, शेवाळ, आणत होतो. माझी धाकटी लेक भुकेने रडायची थांबली होती, नुसती पडून असायची. रडत होती तेव्हा बरं होतं.

एका दुपारी, पाऊस चालू असताना, नदीतून बांबूचे तराफे खाली आले. वातिसोनी आणि माझ्या माहेरची माणसं. तराफ्यांवर अळूचे कंद होते आणि पाण्याने भरलेले निळे पिंप. पिंपात चिलापी, गोड्या पाण्यातले मासे, जिवंत, एकमेकांवर आपटत. वातिसोनीने काही वर्षांपूर्वी घराखालच्या ओढ्याला बांध घालून तळी केली होती. बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सरकारी केंद्रातून आणली होती. तेव्हा आमच्या गावात त्याच्यावर विनोद व्हायचे, की डोंगरातली माणसं आता डबक्यात समुद्र शोधताहेत. त्याचं एक तळं वादळात फुटलं, दोन राहिली. त्या दोन्हींतली मोठी मासळी तो घेऊन आला होता.

त्यांचा बेत होता, ठेवायचं आणि लगेच निघायचं. का ते आम्हाला कळत होतं. ते समोर असताना आम्हाला मासे खाता आले नसते. पण तराफा उलटा वर जात नाही, आणि डोंगराची पायवाट दरडीखाली गेली होती. तेव्हा ते शाळेतच थांबले, आमच्यासमोर, त्याच चटईवर. आम्ही चिलापी मीठ घालून उकडली. पातेलं मध्ये आणून ठेवलं. वाफ येत होती.

कुणी हात पुढे केला नाही.

म्हातारी माणसं कंद सोलून खात बसली, कोरडेच. पोरं पातेल्याकडे बघत होती आणि मग आपल्या आयांकडे. वातिसोनी मान खाली घालून बसला होता. मी वाट बघत होते, की आता तो काहीतरी बोलेल, टोमणा मारेल, हसू येईल, त्यात काही मार्ग निघेल. तो एक शब्द बोलला नाही. त्याने आम्हाला चिडवलंही नाही, यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामंजी मागे भिंतीशी होते. ते उठले. वाकून, जवळजवळ गुडघ्यांवर, माणसांच्या मधून पुढे आले आणि वातिसोनीसमोर बसले. अशा वेळी देवमाशाचा दात हातात धरून बोलायचं असतं. आमच्या घरचा दात वादळात गेला होता. त्यांनी रिकामे हात पोकळ करून टाळी वाजवली आणि डोकं खाली घातलं.

“माझ्याकडे द्यायला काही नाही,” ते म्हणाले. “रातूंच्या पंगतीला तुम्ही हेकरू खाल्लेत. ते खिंडीतले होते. मी बंद केलेल्या खिंडीतले. रविवारी, हे सगळे प्रार्थना करत होते तेव्हा मारले. देवाशी खोटं बोललो, गावाशी खोटं बोललो, तुम्हाला चोरीचं वाढलं. माझं बघून बाकीचे गेले. त्यांचा दोष नाही.”

 पावसाचा आवाज येत होता.

“तुमच्यासमोर मासे न खाण्याची रीत आहे, कारण मासे आम्ही द्यायचे असतात,” मामंजी म्हणाले. “आज आम्ही देणारे नाही. त्याला कारण मी आहे. लाज माझी आहे. पोरांच्या पोटावर ती नको.”

त्यांनी पातेल्यातून एक चिलापी उचलली आणि डोंगराकडच्या सगळ्या माणसांसमोर खायला लागले. सावकाश. दाढीला मासा लागला होता. मी त्यांची सून. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, आणि उठता येत नव्हतं. सासूबाई सरळ त्यांच्याकडे बघत होत्या.

वातिसोनी म्हणाला, “जपून, नाईक. हिला काटे फार असतात.”

रातू म्हणाले, “मुलांना वाढा.” मग म्हणाले, “मलाही द्या. त्या दिवशी नाईकांना वाटी मी दिली होती. मासे कुठून आले ते मी विचारलं नव्हतं.”

मग सगळे जेवले. माझ्या धाकटीला मी काटे काढून एकेक घास भरवला. तिने आणखी मागितलं.

गावाचं बस्तान बसल्यावर मामंजी रीतसर रातूंच्या दारात गेले, उसना आणलेला देवमाशाचा दात घेऊन, आणि क्षमा मागितली. ती मिळाली. नाईकपण काढून घ्या असंही त्यांनी सांगितलं. रातू म्हणाले, ते जन्माने येतं, काढता येत नाही. पण खिंडीची राखण मात्र बायकांकडे दिली. सासूबाई आणि नेमानीची बायको पाळीपाळीने होडीतून जातात. खांब पुन्हा उभा आहे.

मामंजी वातिसोनीकडे डोंगरात जाऊन राहिले, तळं करायला शिकायला. ज्याच्यासमोर मान खाली घातली त्याच्याच हाताखाली चिखल उपसला. परत आले आणि गावामागच्या गोड्या ओढ्याशी खणायला लागले. पहिल्यांदा बांध गळला, दुसऱ्यांदा बगळ्यांनी बोटुकली खाल्ली. पोरं येता-जाता म्हणायची, “नाईक, डबक्याला भरती केव्हा येते?” ते काम करत राहत. कसाव्याच्या साली, नारळाचा चोथा, वाळवीची वारुळं फोडून टोपलीने आणून माशांना टाकत. आता त्या तळ्यातून शाळेच्या जेवणाला चिलापी जाते, आणि वारं सुटलं की गाव तिथेच येतं. कुणी आभार मानले तर म्हणतात, “वातिसोनीचे माना.” एवढं करून ते मोकळे झाले असतील असं मला वाटायचं. झाले नाहीत. थंडीतल्या पौर्णिमेला ते अजून घरात, दाराकडे पाठ करून झोपतात.

गेल्या थंडीत सासूबाईंनी खिंडीत हेकरू पाहिले. थोडे, पण पाहिले. मत्स्य खात्याच्या माणसांनी बुडी मारून खात्री केली. या वर्षी त्याहून जास्त आले, आणि गावात बोलणं सुरू झालं. रातूंच्या मुलीचं लग्न आहे, एका दिवसापुरती खिंड उघडायला काय हरकत आहे? बैठकीत बरेच जण तयार होते. मामंजी मागच्या रांगेत होते. कित्येक वर्षांनी त्यांनी बोलायची परवानगी मागितली.

“उघडू नका,” ते म्हणाले. “अजून काही हिवाळे जाऊ द्या.”

मागून कुणीतरी म्हणालं, “हे तुम्ही सांगायचं?”

 मामंजींनी वळून बघितलं नाही. ते चटईकडे बघत होते आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की पुढच्यांना मागे वळून ऐकावं लागलं.

“एका दिवसापुरतंच मीही गेलो होतो,” ते म्हणाले.

खिंड बंद ठेवायचं ठरलं. नेमानीने खाली बसता बसता त्यांच्या पुढ्यात यांगोनाची वाटी सरकवली. ती घेताना मामंजींनी त्याच्याकडे पाहिलं, पण क्षणभरच.